फळांच्या आंबट बिअरमध्ये फळ कुठे शोधायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रास्पबेरी घातलेली सॉवर, म्हणजे आंबट, बिअर घेतली, रंग सुरेख गुलाबी, लेबलवर फळाचं मोठं चित्र, पण तोंडात आंबटाशिवाय काहीच आलं नाही. सोबतच्यांना मात्र त्याच ग्लासात रास्पबेरीच्या बिया, ओलं लाकूड, भाजलेल्या पावाची कड असं बरंच काही सापडत होतं. मग आपली जीभ कमी पडते की बिअरच बिघडलेली होती? आणि तशीच एक बाटली अजून घरात आहे, ती जपून ठेवावी की संपवून टाकावी?

जीभ अजिबात कमी पडत नाही. ताजी रास्पबेरी तोंडात टाकली की साखर, आम्ल आणि सुवास या तिन्ही गोष्टी एकदम पोचतात. मेंदू त्यांची मोट बांधतो आणि आपण म्हणतो, रास्पबेरी. तेच फळ बिअरमध्ये गेलं की यीस्ट त्यातली साखर जवळजवळ सगळी फस्त करतं. आम्ल मागे राहतं आणि त्यात बिअरचं स्वतःचं आम्ल मिसळतं. सुवासाचा काही भाग आंबताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडबरोबर उडून जातो, काही टिकतो. ग्लासात जे उरतं त्यात जिभेच्या वाट्याला फक्त आंबट येतं आणि फळ जवळजवळ सगळं नाकाच्या वाट्याला जातं. मी बरीच वर्षं अशा बिअर बनवते, पॅनेलवर बसून चाखतेही, आणि नव्याने चाखणाऱ्यांची गाडी अडते ती बहुतेकदा इथेच.

दुसरी बाटली उघडाल तेव्हा एक प्रयोग करून बघा. चिमटीत नाक घट्ट धरा, एक घोट घ्या, तोंडात फिरवा आणि गिळा. नाक अजून सोडू नका. तोंडात आंबटपणा असेल, गॅसची चुरचुर असेल, कदाचित थोडा तुरटपणा असेल, पण फळाचा मागमूस नसेल. आता तोंड मिटलेलं ठेवूनच नाक सोडा आणि हळू श्वास बाहेर टाका. त्या उच्छ्वासाबरोबर वास घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढतो आणि रास्पबेरी तिथे भेटते. भेटली नाही तर शेजारी एक खरी रास्पबेरी ठेवा, फ्रोझन चालेल, आणि तिच्यावरही हाच प्रयोग करा. नाक धरल्यावर खरं फळसुद्धा नुसतं आंबटगोड लागतं. एकदा हा वास नाकात बसला की बिअरमधला ओळखायला वेळ लागत नाही.

दुसरा प्रयोग साखरेचा. ग्लासातली थोडी बिअर वेगळी काढा, त्यात साखरेच्या पाकाचे दोन-चार थेंब हलक्या हाताने मिसळा आणि दोन्ही शेजारी ठेवून चाखा. पाक घातलेल्या ग्लासात फळ एकदम पुढे येतं. सुवास तेवढाच आहे, पण गोडी मिळाल्यावर मेंदूला ओळख पटते. बर्लिनमध्ये बर्लिनर वाइसं या आंबट गव्हाच्या बिअरमध्ये रास्पबेरीचा किंवा वुडरफ या सुवासिक पाल्याचा पाक घालून देतात, त्यामागे आंबटपणा सौम्य करण्याबरोबर हाही परिणाम आहे. पाक घालून पिण्यात काही कमीपणा नाही. पण ब्रुअरने काय केलंय ते समजून घ्यायचं असेल तर आधी साधी चाखावी.

पुढे जाण्याआधी बाटलीतली बिअर कोणत्या रस्त्याने आली ते पाहा, कारण काय शोधायचं ते त्यावर ठरतं. सगळ्यात प्रचलित रस्ता केटल सॉवरचा. माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी (याला वर्ट म्हणतात) साधारण 35 ते 45 अंश सेल्सिअसला ठेवून त्यात लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू सोडतात. एक ते तीन दिवसांत पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), साडेतीनच्या खाली-वर येतो. मग वर्ट उकळलं की जिवाणू मरतात, आणि त्यानंतर नेहमीचं यीस्ट आणि फळ. बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं आधी घालत नाहीत, कारण त्यांच्यापुढे लॅक्टोबॅसिलसचं फारसं चालत नाही. अशा बिअरचा आंबटपणा स्वच्छ आणि एकसुरी असतो. तिथे लाकूड किंवा चामडं शोधत बसू नका, ते तिथे नसतंच. फळ किती ताजं उतरलंय एवढंच बघायचं.

दुसरा रस्ता संथ. त्याचं सगळ्यात जुनं आणि अजून जिवंत उदाहरण म्हणजे ब्रसेल्स आणि त्याच्या नैऋत्येकडच्या पायोटनलँड भागातली लॅम्बिक. गरम वर्ट उथळ, पसरट हौदात रात्रभर उघडं ठेवून थंड करतात. हवेतले आणि पुढे पिंपांच्या लाकडातले यीस्ट आणि जिवाणू त्याचा ताबा घेतात आणि पिंपात ते एक ते तीन वर्षं मुरतं. हे काम थंडीच्या महिन्यांतच करतात, उन्हाळ्यात हवेतले नको ते जीव वाढतात. या लॅम्बिकमध्ये आंबट चेरी मुरवली की क्रीक होते आणि रास्पबेरी मुरवली की फ्रांबोआझ. इथे लॅक्टोबॅसिलसपेक्षा पेडिओकॉकस हा जिवाणू आणि ब्रेटॅनोमायसिस हे यीस्ट मोठं काम करतात. ब्रेटॅनोमायसिसचं वर्णन 1904 मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत निल्स क्लाउसेन यांनी केलं, तेही इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरचा अभ्यास करताना. वाळलेलं गवत, चामडं, तबेला, कधी अननस असे वास यातून येतात. तुमच्या सोबत्यांना ओलं लाकूड सापडलं असेल तर तुमची बाटली बहुधा या कुळातली, पिंपात मुरवलेली होती.

तिसरा प्रकार अलीकडचा. आंबणं संपल्यावर भरपूर फळाचा गर घालायचा आणि तो आंबू न देता कॅन भरायचा. त्यात साखर शिल्लक असते, त्यामुळे फळ जिभेवरही लागतं. बऱ्याच जणांची पहिली ओळख या बिअरशी होते आणि मग कोरडी, मुरवलेली सॉवर हाती आली की "फळ कुठे गेलं" असं वाटतं. दोन्हींना एकच माप लावणं अन्यायाचं आहे.

आता ग्लास. फ्रिजमधून काढल्याकाढल्या ओतलेली सॉवर मुकी असते. सुवास वर येत नाही, आणि गार घोटात आंबटपणा आणि गॅस मात्र टोचतात. मुरवलेली असेल तर 10 ते 12 अंश, केटल सॉवर 6 ते 8 अंश ठीक. थर्मामीटर लागत नाही, दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवली की काम होतं. ग्लास तोंडाशी निमुळता, शक्यतो देठाचा, आणि एक तृतीयांशच भरा म्हणजे वास साठायला जागा राहील. बाटलीच्या तळाशी गाळ असेल तर पहिला ग्लास गाळ न हलवता ओता. गराच्या कॅनचं उलट आहे, तो उघडण्याआधी एकदा हळूच उलटा करून घ्या, नाहीतर सगळं फळ शेवटच्या ग्लासात जातं.

फेसावरून मत बनवू नका. आंबट बिअरमध्ये फेस धरून ठेवणारी प्रथिनं बरीचशी तुटलेली असतात, त्यामुळे फेस आला तसा बसतो. रंग मात्र कामाचा आहे. रास्पबेरी, चेरी यांचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा, आणि तो आम्लात अधिक लाल आणि टिकाऊ होतो. म्हणून चांगल्या क्रीकचा रंग असा पेटलेला दिसतो. तोच रंग कडेने विटकरी किंवा तपकिरी दिसू लागला तर बाटलीत हवा शिरली आहे किंवा ती जुनी झाली आहे, आणि नाकाला ते पुढच्या क्षणी कळेलच. स्ट्रॉबेरी याला अपवाद, तिचा रंग लवकर उडतो आणि बिअर फिकट पिवळी दिसली तरी त्यात वावगं काही नसतं.

वासाला घाई करा. ओतल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात जे वर येतं ते पुन्हा तितकं येत नाही. लांब श्वास ओढू नका. दोन-तीन छोटे हुंगे, मग ग्लास बाजूला, मग परत. नाक एकाच वासाला पटकन सरावतं, म्हणून मधली विश्रांती हवीच. "रास्पबेरी आहे का" असं विचारण्यापेक्षा "फळ कोणत्या अवस्थेत आहे" असं विचारलं तर जास्त हाती लागतं. ताजं आहे, पिकून मऊ झालेलं आहे, जॅमसारखं शिजलेलं आहे, की सुकवलेलं? आणि फळाचा कोणता भाग आहे? गर, साल, बी की देठ?

रास्पबेरीत गराचा वास फुलासारखा, थोडा गोडसर, आणि त्यामागे बियांचा कोरडा, लाकडी वास असतो. फळ बिअरमध्ये जास्त दिवस राहिलं की बियांचा भाग वाढत जातो. "रास्पबेरीच्या बिया" म्हणणारे तुमचे सोबती कल्पना लढवत नव्हते. चेरी बियांसकट मुरवली तर कडू बदामासारखा वास येतो. तो बेंझाल्डिहाइडचा, बीच्या आतल्या गाभ्यातून येणारा. क्रीकमध्ये तो मंद असावा, चेरीच्या मागे उभा. पुढे आला की बिअर बाजारातल्या चेरी सिरपसारखी वाटायला लागते. जर्दाळू आणि पीच यांचा सुवास मलईदार आणि टिकाऊ, पण शांत, नाक जवळ न्यावं लागतं. पॅशनफ्रूट आणि पेरू यांचा वास गंधकयुक्त संयुगांचा, अगदी थोडं असलं तरी सगळं व्यापून टाकणारं. आंब्यात फळाबरोबर चिकाचा, टर्पेंटाइनकडे झुकणारा वास असतो आणि साखर गेल्यावर तोच वर येतो, म्हणून आंब्याच्या कोरड्या सॉवर अनेकांना निराश करतात. ब्लूबेरी रंग देते आणि सुवास देताना हात आखडता घेते. स्ट्रॉबेरीचा सुवास इतका नाजूक की खऱ्या फळाचा महिनाभरही नीट टिकवणं अवघड. कोरड्या, जुन्या बिअरमध्ये स्ट्रॉबेरी गोळीसारखी ठसठशीत आली तर बहुतेक वेळा अर्क घातलेला असतो.

हुंगताना नाकाला टोचतंय का हेही पाहा. लॅक्टिक, सायट्रिक आणि मॅलिक या आम्लांना म्हणण्यासारखा वास नसतो, पण व्हिनेगरमधल्या अॅसिटिक आम्लाला असतो. ग्लासात नाक घातल्यावर झणका बसला तर तो आंबटपणा अॅसिटिक आहे, हे घोट न घेताच कळतं.

पहिल्या घोटावर काहीही लिहू नका. आंबट लागलं की लाळ सुटते, जबडा आवळतो, आणि त्या धक्क्यात बाकी काही कळत नाही. मत द्यायचं दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला. तीन-चार सेकंद तोंडात धरा आणि आंबटपणा कसा वागतो ते बघा. लॅक्टिक गोलसर असतो, दह्याच्या निवळीसारखा, तोंडभर पसरतो आणि सावकाश ओसरतो. सायट्रिक झटकन येतो, लख्ख असतो आणि तितक्याच लवकर जातो. रास्पबेरी आणि लिंबूवर्गीय फळं तो सोबत आणतात. मॅलिक हिरव्या सफरचंदाचा, चेरीतही तोच मुख्य, जरा उशिरा चढतो आणि रेंगाळतो. पण जिवाणू मॅलिकचं लॅक्टिकमध्ये रूपांतर करू शकतात, म्हणून जिवंत जिवाणूंसोबत मुरलेली चेरीची बिअर ताज्या चेरीपेक्षा मवाळ लागते. अॅसिटिक गिळताना घशाशी जळजळतो.

पीएचचा आकडा लेबलवर असला तरी त्यावर फार विसंबू नका. नेहमीच्या बिअरचा पीएच 4.1 ते 4.5 आणि सॉवरचा साधारण 3.0 ते 3.6, एवढं ध्यानात ठेवणं पुरे. दोन बिअरचा पीएच 3.3 असूनही एक दुसरीपेक्षा किती तरी आंबट लागते, कारण जिभेला एकूण आम्ल किती आहे ते जास्त कळतं. उरलेली साखर, मीठ आणि गॅस हेही हिशेबात येतातच. जर्मनीतल्या गोझं बिअरमध्ये मीठ आणि धणे असतात. ते मीठ खारट लागण्यासाठी नसून आंबटाला भरीवपणा देण्यासाठी असतं.

आंबट आणि तुरट यांची गल्लत फार होते. गिळल्यावर जीभ हिरड्यांवरून फिरवा. आंबटाने तोंडाला पाणी सुटतं. बिया, साली, लाकूड यांतल्या टॅनिनने तोंड कोरडं पडतं आणि हिरड्या खरखरीत लागतात. दोन्ही एकत्र असतात तेव्हा माणूस सरसकट "फार आंबट" म्हणतो. तुमच्या बाटलीत बियांचा वास होता म्हणताय, तर तुम्हाला जाणवलेल्या आंबटात थोडा वाटा तुरटाचाही असणार.

शेवटी फळाच्या खाली बिअर आहे का ते शोधा. गव्हाची पिठूळ चव, पावाच्या कडेसारखा भाजका वास, हॉप्सचा एखादा कडसर धागा. मला स्वतःला हे नसलेली सॉवर, फळ कितीही सुंदर असलं तरी, अपुरी वाटते. फळांचा आंबट रस हवा असेल तर तो सरळ रस म्हणून प्यावा.

आता बिघाडाचं. आंबट बिअरला बिघाड होतच नाही, जे काही येईल ते "रानटी" म्हणून गोड मानून घ्यायचं, हा समज मला मान्य नाही. ओकारीसारखा वास आला तर ते ब्युटिरिक आम्ल आहे. केटल सॉवरमध्ये जिवाणूंच्या टप्प्यात नको ते जीव वाढले की तो येतो. घामट मोजे किंवा जुनं चीज हा आयसोव्हॅलेरिक आम्लाचा वास. लॅम्बिकमध्ये जुने हॉप्स वापरतात म्हणून त्याची पुसट छटा चालते, त्यापलीकडे नाही. नेलपॉलिश रिमूव्हरचा दर्प आला तर एथिल अॅसिटेट. अगदी थोडं असेल तर ते फळाला पिकलेपणा देतं, पण डोळे मिटून "नेलपॉलिश" म्हणता आलं तर दोष नक्की. अॅसिटिकचंही तसंच: बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या लाल-तपकिरी बिअरमध्ये थोडं शोभतं, रास्पबेरीला उचलूनही धरतं, पण घसा जळायला लागला की पिंपात हवा शिरली होती असं समजावं. लोण्यासारखा वास डायअॅसिटिलचा. पेडिओकॉकस तो सोडतो, ब्रेटॅनोमायसिस सवडीने साफ करतं. बाटलीत तो उरला असेल तर बिअर लवकर भरली गेली.

एका दोषाकडे मात्र मुद्दाम लक्ष द्या, कारण तो वासात येत नाही. घोट घेतला, गिळला, सगळं छान. दहा-वीस सेकंदांनी जिभेच्या मागच्या बाजूला शिळ्या धान्याची, उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव उगवते आणि जाता जात नाही. ही टेट्राहायड्रोपिरिडीन गटातली संयुगं आहेत. आम्लात ती उडत नाहीत, म्हणून ग्लासात नाक घालून कळत नाहीत. लाळेने तोंडातला पीएच वाढवला की मोकळी होतात. काहींना ती अजिबात जाणवत नाहीत, त्यामुळे शेजारचा माणूस मजेत पीत असेल तर तुम्हाला भास झाला असं समजू नका. बाटली आणखी काही महिने ठेवली तर हा दोष बऱ्याचदा मावळतो.

तुम्ही सांगितलेल्या वर्णनात यातलं काहीच नाही. नुसतं आंबट आणि कोरडं, दर्प नाही, जळजळ नाही, मागून उगवणारी घाण चव नाही. बिअर चांगली होती. बहुधा फार गार प्यायलात आणि गोड फळाची वाट बघत बसलात.

एका बैठकीत चार-पाचपेक्षा जास्त सॉवर चाखू नका, प्रत्येकी 50-60 मिलिलिटर पुरे, कमी आंबटाकडून जास्त आंबटाकडे. मध्ये साधं पाणी आणि बिनमिठाचा पाव. त्यापुढे जीभ बधिर होते आणि सगळ्या बिअर एकसारख्या लागतात. आम्लाने दातांचा वरचा थर मऊ पडतो, म्हणून नंतर पाण्याने चूळ भरा पण लगेच दात घासू नका, निदान अर्धा तास जाऊ द्या.

टिपण लिहिताना विशेषणांची रांग लावण्यापेक्षा क्रम लिहा. माझ्या वहीतली एक नोंद नमुन्यादाखल: "आधी पिकलेली रास्पबेरी, जॅम नाही. थोड्या वेळाने बिया आणि कोरडं गवत. आंबट पुढच्या बाजूला झटकन, मग गोल होत मागे. हिरड्यांवर हलकी खरखर. गिळल्यावर फळ परत येतं आणि गव्हाबरोबर संपतं. व्हिनेगर नाही." यावरून सहा महिन्यांनीही ती बिअर डोळ्यापुढे उभी राहते. "सुंदर, संतुलित, ताजीतवानी" यावरून काहीच उभं राहत नाही.

राहिली घरातली बाटली. मुरवलेली बिअर ठेवली की आणखी छान होते हे गझबाबत, म्हणजे वेगवेगळ्या वयाच्या लॅम्बिक एकत्र करून भरलेल्या बिनफळाच्या बिअरबाबत, खरं आहे. ती वर्षानुवर्षं बदलत जाते. फळाच्या बिअरमध्ये सगळ्यात आधी फळच जातं. आंबटपणा आणि तबेल्याचा वास टिकतात, रास्पबेरी विरते. तुम्हाला फळच शोधायचं आहे, तेव्हा ती याच महिन्यात उघडा. केटल सॉवर असेल तर ठेवण्यात काहीच फायदा नाही. आणि पुढे कधी गराचा कॅन आणलात तर तो कायम फ्रिजमध्ये ठेवा. त्यात साखरही असते आणि बरेचदा जिवंत यीस्टही, त्यामुळे बाहेरच्या उबेत तो पुन्हा आंबायला लागतो आणि फुटू शकतो. बूड फुगलेलं दिसलं तर उघडायच्या फंदात न पडता जाड कापडात गुंडाळून टाकून द्या.